विषाणूची दोन नावं

एका विषाणूला दोन नावं होती. ज्या प्रयोगशाळेत तो होता तिथल्या लोकांना हे ठाऊक होतं, पण बाहेर कुणाला सांगावं असं त्यांना वाटलं नाही. ही गोष्ट हुडकून काढून जगासमोर ठेवणाऱ्या मोजक्या माणसांत पुण्यातलं एक संशोधक जोडपं होतं. डॉ. मोनाली रहाळकर आघारकर संशोधन संस्थेत, तर डॉ. राहुल बहुलीकर बाएफ या संस्थेत. दोघांपैकी कुणीही विषाणूतज्ज्ञ नव्हतं. रहाळकर यांचा अभ्यास मिथेन खाणाऱ्या जिवाणूंचा, तोही भातखाचरांतल्या मातीतल्या जिवाणूंचा. तरीही २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यांनी घेतलेल्या मागामुळे, इतरांच्या प्रश्नांच्या जोडीने, सहा महिन्यांत ‘नेचर’सारख्या नियतकालिकात खुलासा छापावा लागला. विज्ञानातले वाद चारचौघांत व्हावेत की तज्ज्ञांच्या बंद दालनात, या प्रश्नाचं इतकं रोखठोक उदाहरण आपल्या शहरात दुसरं नाही, म्हणून ते तपशिलात सांगायला हवं.

आधी जानेवारी २०२०. शांघायचे शास्त्रज्ञ झांग योंगझेन यांनी वुहानमधल्या एका रुग्णाच्या नमुन्यातून नव्या विषाणूचा जनुकीय क्रम उलगडला होता. ११ जानेवारीला सिडनीच्या एडवर्ड होम्स यांच्यामार्फत तो सगळ्या जगाला खुला झाला. कुणाची परवानगी नाही, नियतकालिकातला लेख नाही. पुढच्या काही आठवड्यांत तपासणी संच आणि लसींचे आराखडे तयार झाले ते या एका कृतीमुळे. दुसऱ्याच दिवशी झांग यांची प्रयोगशाळा ‘सुधारणे’साठी बंद करायचा हुकूम आला. साथीच्या पहिल्या पंधरवड्यातच खुलेपणाचा फायदा आणि खुलेपणाची किंमत, दोन्ही दिसून गेलं होतं.

त्याच महिन्याच्या शेवटी दिल्लीत वेगळंच घडलं. तिथल्या आयआयटीतल्या संशोधकांनी ३१ जानेवारीला एक प्रीप्रिंट, म्हणजे समीक्षेआधीचा मसुदा, प्रसिद्ध केला. नव्या विषाणूत एचआयव्हीसारखे तुकडे दिसतात, असा त्याचा आशय. जगभरच्या जाणकारांनी काही तासांत दाखवून दिलं की इतके छोटे तुकडे असंख्य जीवांत सापडतात आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. २ फेब्रुवारीला लेखकांनी मसुदा मागे घेतला. अनेकांनी या घटनेवरून धडा काढला की असलं काही लोकांसमोर येऊच नये. मला त्यातून उलटं दिसतं. चूक उघड्यावर झाली म्हणून दोन दिवसांत निस्तरली.

आता मूळ गोष्ट. ३ फेब्रुवारी २०२० ला ‘नेचर’मध्ये वुहान विषाणूविज्ञान संस्थेच्या शी झेंगली यांच्या गटाचा लेख आला. नव्या विषाणूचा तोवर माहीत असलेला सर्वांत जवळचा नातलग त्यांनी जाहीर केला: वटवाघळात मिळालेला, आरएटीजी-१३ नावाचा. दोघांचा जनुकीय क्रम ९६.२ टक्के जुळत होता. लेखात एवढंच म्हटलं होतं की याचा एक छोटा तुकडा युनान प्रांतातल्या वटवाघळात पूर्वी आढळला होता, आणि आता संपूर्ण क्रम लावला आहे. नमुना कधी घेतला, नेमका कुठे, तिथे त्या आधी काय घडलं होतं, याबद्दल एक अक्षर नाही. जुन्या लेखाचा संदर्भही नाही. संदर्भ गाळणं ही एरवी किरकोळ बाब. पण हा लेख ज्या विषाणूबद्दल होता त्याने पुढे लाखो माणसं मारली.

लगोलग दारं बंद होऊ लागली. १९ फेब्रुवारीला ‘लॅन्सेट’मध्ये २७ शास्त्रज्ञांचं निवेदन आलं, विषाणू नैसर्गिक नाही असं सुचवणाऱ्या गोष्टींना त्यांनी षड्‌यंत्रकथा ठरवून निषेध केला. १७ मार्चला ‘नेचर मेडिसिन’मध्ये पाच तज्ज्ञांनी लिहिलं की हा विषाणू प्रयोगशाळेत घडवलेला नाही आणि प्रयोगशाळेशी निगडित कुठलीही शक्यता त्यांना संभवनीय वाटत नाही. अमेरिकेत हा विषय निवडणुकीच्या राजकारणात ओढला गेला होता, चिनी दिसणाऱ्या माणसांवर रस्त्यात हल्ले होत होते. अशा वातावरणात सज्जन शास्त्रज्ञांना वाटलं की हा प्रश्न न विचारलेलाच बरा. त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण पुरावा येण्याआधीच निकाल लागला होता, आणि तो लावणाऱ्यांकडे मूळ कागदपत्रं नव्हती.

पुण्यात तेव्हा शुकशुकाट होता. राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्चला याच शहरात सापडले होते. पंधरा दिवसांत देशभर लॉकडाऊन लागला. गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावरची आघारकर संस्थाही इतर संस्थांसारखी थंडावली. ही संस्था १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने उभी केली, वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर तिचे पहिले संचालक. प्रयोग थांबले, पण वाचायला कुणाची आडकाठी नव्हती. आणि हा शोध तर संपूर्णपणे वाचनातूनच लागला. त्यासाठी परीक्षानळी लागली नाही, अनुदान लागलं नाही. लागली ती सगळ्यांसाठी खुली असलेली जनुकीय क्रमांची कोठी, जुने छापील लेख आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या विधानांपाशी थांबण्याची सवय.

माग असा निघाला. जीनबँक नावाच्या सार्वजनिक संग्रहात जगभरचे संशोधक आपले क्रम जमा करतात. कोणताही क्रम घेऊन त्याच्याशी जुळणारं आणखी काही आहे का, हे तिथे कुणालाही मिनिटभरात पाहता येतं. आरएटीजी-१३ चा क्रम तिथे लावला की एक जुनी नोंद शंभर टक्के जुळून समोर येते: जेमतेम ३७० अक्षरांचा तुकडा, नाव ४९९१. जवळजवळ तीस हजार अक्षरांच्या जनुकसंचातला हा इवलासा भाग, पण एकही अक्षर वेगळं नाही. ऑस्ट्रियातल्या संशोधक रोसाना सेग्रेटो यांनी मार्चमध्येच हे साम्य जाहीरपणे दाखवलं होतं. पुण्यातल्या जोडप्याने तिथून पुढचा रस्ता धरला.

४९९१ ची नोंद आली होती २०१६ च्या एका लेखातून. लेख त्याच वुहानच्या गटाचा. युनान प्रांतातल्या मोजियांग परगण्यात एक पडीक खाण आहे. तिथल्या वटवाघळांत कोणकोणते करोना विषाणू एकत्र नांदतात, हा त्याचा विषय. वटवाघळं तपासायला वुहानची माणसं दीड हजार किलोमीटर दूरच्या त्याच खाणीत का गेली, हे मात्र लेखात नव्हतं.

आता नावाकडे पाहा. आरए म्हणजे ऱ्हायनोलोफस अफिनिस, वटवाघळाची जात. टीजी म्हणजे तोंगगुआन, खाणीजवळचं गाव. १३ म्हणजे २०१३ साल. जात, ठिकाण आणि वर्ष, तिन्ही नावातच होतं. जुना क्रमांक जाऊन हे नवं नाव आलं, आणि नव्या नावाच्या लेखात जुन्याचा पत्ता राहिला नाही.

त्या खाणीत घडलं होतं ते भयंकर होतं. एप्रिल २०१२ मध्ये सहा माणसं तिथली वटवाघळांची विष्ठा साफ करायला उतरली. वयं तीसपासून त्रेसष्टपर्यंत. थोड्याच दिवसांत एकेक जण ताप, कोरडा खोकला आणि धाप घेऊन कुनमिंगच्या रुग्णालयात दाखल झाला. निदान होईना. सार्सच्या साथीत नाव झालेले चीनमधले ज्येष्ठ डॉक्टर झोंग नानशान यांचा सल्ला दुरून घेण्यात आला. सहांपैकी तिघं दगावली.

याचा सविस्तर वृत्तांत एका तरुण डॉक्टरने २०१३ साली आपल्या पदव्युत्तर प्रबंधात लिहून ठेवला होता: रोजच्या नोंदी, छातीच्या प्रतिमा, कोणती औषधं दिली, कोण कधी गेला. सार्ससारखा विषाणू वटवाघळांतून आला असावा, असा त्याचा निष्कर्ष. प्रबंध चिनी भाषेत, एका चिनी संग्रहात सात वर्षं पडून. मे २०२० मध्ये तो सापडला तोही एका भारतीयाला. ओडिशातला हा हौशी शोधक तेव्हा टोपणनावाने वावरत होता. त्याने तो सर्वांना वाचायला ठेवला. रहाळकर आणि बहुलीकर यांच्या हाती त्यामुळे दोन्ही टोकं आली: विषाणूची नोंद आणि आजारी माणसांच्या नोंदी.

मे महिन्यातच त्यांनी आपला मसुदा प्रीप्रिंट म्हणून खुला केला. आरएटीजी-१३ आणि ४९९१ हे एकच दिसतात, हा नमुना २०१३ मध्ये मोजियांगच्या खाणीतून घेतलेला आहे आणि त्या खाणीत माणसं मेली होती, असं त्यांनी मांडलं. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांचा दुसरा लेख रीतसर समीक्षा होऊन ‘फ्रंटिअर्स इन पब्लिक हेल्थ’मध्ये आला. त्यात खाणकामगारांच्या आजाराची लक्षणं कोविडच्या लक्षणांशेजारी ठेवली होती आणि जुन्या नमुन्यांची फेरतपासणी व्हावी अशी मागणी होती. तोवर शी झेंगली यांनी एका विज्ञान मासिकाला सांगितलं होतं की त्या कामगारांचा आजार बुरशीमुळे झाला. प्रबंधातला निष्कर्ष वेगळा, मुलाखतीतलं उत्तर वेगळं, ‘नेचर’च्या लेखात तर काहीच नाही. या तीन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवणं हेच त्या दोघांचं काम होतं, आणि ते त्यांनी आपल्या खऱ्या नावाने, संस्थेच्या पत्त्यासह केलं. हे मी मुद्दाम लिहितो आहे. तेव्हा हा प्रश्न विचारणाऱ्याला माथेफिरू ठरवलं जात होतं, आणि आपल्याकडच्या संशोधकाला पुढची नेमणूक, पुढचं अनुदान, परदेशातलं सहकार्य या सगळ्याचा विचार करावा लागतो.

१७ नोव्हेंबर २०२० ला ‘नेचर’ने वुहान गटाचं पुरवणी टिपण छापलं. हो, आरएटीजी-१३ आणि ४९९१ एकच. हो, नमुना २०१३ मध्ये मोजियांगच्या खाणीतून घेतलेला. जात, ठिकाण आणि वर्ष कळावं म्हणून नाव बदललं. संपूर्ण क्रम २०१८ मध्येच लावला होता. २०१२ ते २०१५ या काळात त्या खाणीतून १,३२२ नमुने गोळा केले होते. त्यांत २९३ करोना विषाणू मिळाले, त्यांतले ९ सार्सच्या कुळाजवळच्या बीटा गटातले. चार कामगारांच्या रक्तजलाचे १३ नमुनेही वुहानला तपासले होते. त्यात सार्ससारख्या विषाणूची प्रतिपिंडं सापडली नाहीत. चीनमधल्याच २०१६ च्या दुसऱ्या एका प्रबंधात मात्र अशी प्रतिपिंडं सापडल्याचं लिहिलं आहे. हा विरोध आजही तसाच आहे.

इथे थांबून नीट हिशेब मांडायला हवा, कारण अशा कथा सांगताना आपल्या माणसाला पूर्ण विजयी करून टाकायचा मोह होतो. रहाळकर आणि बहुलीकर यांचं कोणतं म्हणणं खरं ठरलं? विषाणू एकच आहे हे, आणि तो कुठून व कधी आला हे. ते वुहानच्या गटानेच मान्य केलं. खाणीतला आजार करोना विषाणूमुळे झाला, किंवा कोविडची मुळं त्या खाणीत आहेत, हे सिद्ध झालेलं नाही. ९६.२ टक्के साम्य ऐकायला मोठं वाटतं, पण तीस हजारांत अकराशेहून अधिक अक्षरं वेगळी आहेत, म्हणजे दोघांच्या वाटा काही दशकांपूर्वी फुटलेल्या. आरएटीजी-१३ चा क्रमच विश्वासार्ह आहे का, अशी शंकाही या जोडप्याने आणखी एका मसुद्यात घेतली होती. ती बहुतेक तज्ज्ञांनी स्वीकारली नाही. २०२१ मध्ये लाओसमधल्या वटवाघळांत ९६.८ टक्के साम्य असलेला विषाणू मिळाला, आणि सर्वांत जवळच्या नातलगाचा मान मोजियांगच्या नमुन्याकडून गेला. २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या दोन मोठ्या लेखांनी, जिथे प्राणी विकले जात त्या वुहानच्या ह्वानान बाजाराच्या बाजूने वजन टाकलं; त्यांतल्या एकाने पहिल्या रुग्णांचे पत्ते बाजाराभोवती एकवटतात असं दाखवलं. हे सगळे पुरावे उघड्यावर आले, उघड्यावर तपासले गेले. खुल्या वादातून पुण्यातल्या मांडणीला बळ मिळालं तसं तिचं काही हिरावलंही गेलं, आणि ते योग्यच झालं.

खुल्या वादाच्या विरोधकांचे मुद्दे हलके नाहीत. विज्ञानात बहुमताला किंमत नसते; ज्याला क्रम वाचता येत नाही तो मत देऊन काय करणार? गर्दीला शंका आणि आरोप यांतला फरक कळत नाही. साथीच्या काळात दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांना शिव्या आणि धमक्या आल्या, त्यांत शी झेंगलीही होत्या. हे मुद्दे मला खरे वाटतात. पण बंद दालनाचा दुसरा रस्ता धरल्यावर काय झालं, तेही पाहायला हवं.

‘नेचर मेडिसिन’मधल्या त्या लेखाच्या लेखकांचे आपसांतले निरोप २०२३ च्या जुलैमध्ये अमेरिकी संसदेच्या एका समितीने उघड केले. फेब्रुवारी २०२० च्या सुरुवातीला हीच मंडळी प्रयोगशाळेतून गळतीची शक्यता आपसांत गांभीर्याने बोलत होती. पुढे त्यांचं मत बदललं. पुरावा पाहून मत बदलणं हा शास्त्रज्ञाचा गुण आहे. पण लोकांना फक्त शेवटचं ठाम वाक्य दिसलं, त्याआधीची शंका दिसली नाही. ती तीन वर्षांनी राजकारण्यांच्या हातून बाहेर आली तेव्हा लबाडीच्या पुराव्यासारखी दिसली. ‘लॅन्सेट’च्या निवेदनाचंही तेच. ते जुळवण्यात पुढाकार घेणाऱ्याच्या संस्थेचे वुहानच्या प्रयोगशाळेशी आर्थिक संबंध होते. त्याची नीट नोंद नियतकालिकाने जून २०२१ मध्ये, सोळा महिन्यांनी केली. ज्यांना लोकांचा विश्वास राखायचा होता त्यांनीच तो घालवला. मे २०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये १८ शास्त्रज्ञांनी पत्र लिहून पुरेशी माहिती मिळेपर्यंत नैसर्गिक उगम आणि प्रयोगशाळेतली गळती या दोन्ही शक्यता गांभीर्याने घ्या असं सांगितलं, तेव्हा कुठे हा प्रश्न विचारणं पुन्हा सभ्य ठरलं. पुण्यातले दोघं वर्षभर आधीपासून तेच सांगत होते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. वाद उघड्यावर व्हावा, आणि त्याच्याबरोबर कागदही उघड्यावर यावेत. नुसती मतं उघडी आणि नोंदी कुलपात असतील तर गोंगाटच होतो. वुहानच्या संस्थेचा विषाणूंच्या क्रमांचा संग्रह सप्टेंबर २०१९ पासून बाहेरच्यांसाठी बंद आहे. त्यानंतर झालेला बराचसा गोंधळ त्या एका बंद कपाटातून आला आहे. उलट जीनबँकेतला ३७० अक्षरांचा तुकडा कुणालाही पाहता येत होता, म्हणून भातखाचरातल्या जिवाणूंचा अभ्यास करणारी बाई जगातल्या सर्वांत मोठ्या नियतकालिकाला प्रश्न विचारू शकली. तिच्या पदव्या कोणत्या विषयातल्या, हे तिथे गौण होतं. अक्षरं जुळतात की नाही, एवढंच पाहायचं होतं.

आणि पुणेकरांनी ही दूरदेशीची कथा समजू नये. १९५२ साली सुरू झालेली राष्ट्रीय विषाणू संस्था आपल्या गावात आहे. अतिधोकादायक विषाणूंवर काम करणारी देशातली पहिली चौथ्या जैवसुरक्षा पातळीची प्रयोगशाळा पाषाणला आहे. निपाहपासून करोनापर्यंत वटवाघळांतल्या विषाणूंवर तिथे काम चालतं, आणि ते व्हायलाच हवं. त्या कामाचा आपल्याला अभिमान आहे. अशा संस्थांनी कोणते नमुने कुठून आणले, कोणते क्रम लावले, कुठे चूक झाली आणि ती कशी सुधारली, हे स्वतःहून, ठरलेल्या वेळी, मराठीतही सांगावं. संकट येण्याआधी लोकांशी बोलायची सवय असेल तर संकटात बोललेलं लोक खरं मानतात. शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांनीही जीनबँकेतला तो तुकडा मुलांसमोर लावून दाखवावा. आरएटीजी-१३ आणि ४९९१ जुळतात हे अकरावीतल्या मुलालाही एका तासिकेत स्वतः तपासता येतं.

करोनाचा उगम अजून ठरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या तज्ज्ञगटाने जून २०२५ मधल्या अहवालात सांगितलं की उपलब्ध पुराव्याचं वजन प्राण्यातून माणसात आल्याच्या बाजूला असलं तरी सर्व शक्यता खुल्या ठेवाव्या लागतात. कारण पहिल्या रुग्णांतल्या विषाणूंचे शेकडो क्रम, वुहानच्या बाजारांत विकलेल्या प्राण्यांची माहिती आणि तिथल्या प्रयोगशाळांच्या कामाचे व सुरक्षेचे तपशील चीनकडे मागूनही मिळालेले नाहीत.